बँकेसाठी जमलं, ते कामगारासाठीही जमवा

मिरा-भाईंदरमधून परदेशी कामाला जाणाऱ्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा जाहीरनामा

१७ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारने एक छोटीशी अधिसूचना काढली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली संयुक्त अरब अमिरातीतल्या न्यायालयांना मान्यता मिळाली. तेव्हापासून दुबईच्या किंवा अबुधाबीच्या न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा हातात असलेली तिथली बँक थेट ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात दरखास्त लावू शकते. मूळ दावा इथे पुन्हा लढवावा लागत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवून मायदेशी आलेल्या माणसाचं मिरा रोडचं घर त्या वसुलीच्या आवाक्यात आलं. दोन्ही देशांनी १९९९ साली केलेल्या न्यायविषयक कराराचं हे फळ. यायला वीस वर्षं लागली, पण आलं. घेतलेलं कर्ज फेडावं, याबद्दल आमची तक्रार नाही.

त्याच वर्षी ७ मेपासून, कोविडच्या टाळेबंदीत, परदेशात अडकलेल्यांना आणणारी ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली. आखातात काम बंद पडलेली माणसं रिकाम्या हातांनी उतरली. कुणाचे काही महिन्यांचे पगार अडकले होते, कुणाची नोकरी संपल्यावर मिळणारी रक्कम. मिरा रोडला परतलेल्या वेल्डरने ते पैसे कुठे मागायचे? दावा तिथल्या न्यायालयात, कागद अरबीत. व्हिसा रद्द झालेला, त्यामुळे तिथे जाऊन उभं राहता येत नाही. मुखत्यारपत्र करून कुणाला नेमावं, तर तिथे ओळखीचा वकील नाही आणि असला तरी त्याची फी बुडालेल्या पगाराहून जास्त. ठाण्याच्या ज्या न्यायालयात बँकेची दरखास्त लागते, तिथे या माणसाला काहीच मागता येत नाही.

देश तेच दोन, वर्षही तेच. पैशाच्या मागे सीमा ओलांडून जाण्याची वाट सरकारांनी बांधली आणि घामाच्या मागे जाणारी वाट बांधायची राहून गेली. ती बांधून घेण्यासाठी आम्ही एकत्र येत आहोत.

आमचं शहर १९८५ साली नगरपालिका झालं, २००२ साली महापालिका. २०११ च्या जनगणनेत इथे ८ लाख ९ हजार माणसं होती. त्यांतली बहुतेक कुठून ना कुठून आलेली, आणि अनेक घरांतलं कुणी ना कुणी पुढे आणखी कुठे तरी गेलेलं. मिरा रोडच्या नया नगरमध्ये कुवेत, सौदी, दुबई हे शब्द रोजच्या बोलण्यात येतात. उत्तन, चौक, पाली, डोंगरीच्या कोळीवाड्यांत मासेमारीच्या जोडीला मोठ्या बोटीवरची नोकरी आहे. भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यांत हात बसलेला फिटर आखाताचं स्वप्न बघतो, आणि बारावी होऊन कॉल सेंटरमध्ये बसलेली मुलगी कॅनडाचं. यांतल्या प्रत्येकाच्या आयुष्यावर दिल्ली, रियाध, जिनिव्हा इथल्या कागदांचा अंमल चालतो. ते कागद करताना आम्हाला कुणी विचारलेलं नाही.

फसवणूक कशी होते, ते आधी स्पष्ट मांडतो. कारण कायदा आहेच, तो वापरा, असं आम्हाला वारंवार ऐकवलं जातं.

कायदा आहे १९८३ चा, उत्प्रवासनाचा. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआरची, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ अशी नोंद असते. आखातासह १८ देशांत नोकरीला जायचं तर त्याला केंद्राच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मंजुरीसाठी करार सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमा काढावा लागतो. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. ही व्यवस्था वाईट नाही. पण एजंट म्हणतो, ‘एवढ्या भानगडीत कशाला पडता, व्हिजिट व्हिसावर काढतो, तिथे गेल्यावर कामाचा करून देतील, आपली सेटिंग आहे.’ सहल म्हणून निघालेल्या माणसाचा करार कुठेच नोंदला जात नाही आणि विमाही निघत नाही. तो साइटवर पडला, तर आपल्या सरकारच्या दप्तरी तो कामगार म्हणून गेलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट याहून बोचते. मूल दहावी झालं की ईसीआरची नोंद जाते आणि तिच्याबरोबर हे सगळं संरक्षणही जातं. शिकलेला माणूस स्वतःचं बघून घेईल, असं १९८३ मध्ये कुणाला तरी वाटलं असेल. आज आमच्या शहरातली बहुतेक तरुण मुलं दहावीच्या पुढे गेलेली आहेत, आणि फसवणाऱ्यांनी त्यांच्यासाठी नवा बाजार उघडला आहे. ‘बँकॉकला डेटा एन्ट्री, राहणं-खाणं फुकट’ असा मेसेज येतो. थायलंडला उतरलेल्या मुलाला रातोरात नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि जगभरातल्या लोकांना ऑनलाइन लुटायला बसवतात. म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशी अडकलेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा २०२३ चा अंदाज. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या मे सोटहून ५४९ भारतीयांना परत आणलं. त्यासाठी तीन देशांना एकत्र बसावं लागलं. बसले, म्हणून मुलं परत आली.

मनात आणलं तर सरकारं किती वेगाने एकत्र येतात, हे मिरा रोडने स्वतः पाहिलं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या करखात्यातून बोलतो असं सांगून तिथल्या लोकांना लुबाडलं जात होतं. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अशाच फसवणुकीबद्दल ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोप ठेवले. इथला मुख्य संशयित एप्रिल २०१७ मध्ये दुबईहून आला आणि मुंबई विमानतळावरच पकडला गेला. लुबाडलेला माणूस अमेरिकन होता तेव्हा हे झालं, आणि ते योग्यच झालं. लुबाडलेला माणूस नया नगरचा असेल तेव्हा एजंटचा पत्ता कुठल्या हद्दीत येतो, यावरच दोन पोलीस ठाण्यांत दिवस जातात.

आता समुद्राकडे वळू. आमच्या मागणीचा सगळ्यात मोठा आधार तिथे आहे.

उत्तनचा मुलगा बोटीवर चढतो तेव्हा जहाजाचा मालक एका देशातला, झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, माल तिसऱ्याचा, बंदर चौथ्याचं. कुणाचाच कायदा लागू होऊ नये अशी ही जागा. तरी २००६ साली जगाने सागरी कामगारांसाठी एकच करार केला. तो २०१३ मध्ये लागू झाला, भारताने २०१५ मध्ये स्वीकारला आणि आज शंभराहून जास्त देश त्यात आहेत. झेंड्याचा देश, बंदराचा देश आणि खलाशी पुरवणारा देश, तिघांवरही त्यात जबाबदारी आहे. भरतीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना हवा. जहाज कुठल्याही बंदराला लागलं की खलाशी तिथल्या निरीक्षकाकडे तक्रार करू शकतो आणि तो निरीक्षक जहाज रोखू शकतो. मालकाने दोन महिने पगार दिला नाही किंवा अन्नपाणी तोडलं, तर ते जहाज वाऱ्यावर सोडलेलं मानलं जातं. १८ जानेवारी २०१७ पासून अशा वेळी चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळतो. तो विमा काढल्याचा दाखला जहाजावर लावलेला असावा लागतो.

म्हणून समुद्रावर सगळं आलबेल आहे, असं कुणी समजू नये. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये ३१२ जहाजांवर ३,१३३ खलाशी वाऱ्यावर सोडले गेले आणि त्यांत सर्वाधिक, ८९९, भारतीय होते. सीडीसी (खलाशाचं ओळखपत्र) काढून देतो, जॉइनिंग करून देतो असं म्हणत लाखो रुपये घेणारे बेकायदा दलाल आजही गल्लीबोळांत आहेत. पण हे आकडे मोजले जातात, जहाजांची नावं सगळ्यांना दिसतात आणि विमा कंपनीला पैसे द्यावे लागतात. रियाधच्या बांधकामावर पगार बुडालेल्या गवंड्याला यांतलं काहीच मिळत नाही. चार देशांमध्ये वाटल्या गेलेल्या जहाजावर जे जमलं, ते दोनच देशांमधल्या बांधकामावर का जमू नये? आम्हाला उत्तर हवं आहे, आणि ‘ते देश ऐकत नाहीत’ हे उत्तर आम्ही मान्य करणार नाही.

कारण ते ऐकतात. जिनिव्हात २०१४ साली कामगार प्रतिनिधींनी कतारविरुद्ध आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे तक्रार केली. कतारमधला फुटबॉलचा विश्वचषक जवळ येत होता, जगाचं लक्ष होतं. २०१७ मध्ये तक्रार मिटवताना कतारला सुधारणांची हमी द्यावी लागली. २०१८ मध्ये दोह्यात त्या संघटनेचं कार्यालय उघडलं, २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या ना-हरकत पत्राची अट गेली आणि मार्च २०२१ पासून सगळ्यांना १,००० रियालचं किमान वेतन लागू झालं. कफीलची, म्हणजे कामगाराला आणणाऱ्या मालकाची, सत्ता यामुळे पूर्ण संपली असं आम्ही म्हणत नाही. ती हलली, हे मात्र खरं. आणि ती हलवणारी तक्रार कामगारांच्या बाजूने झाली होती.

उलट, आपल्या सरकारने काय केलं? सप्टेंबर २०२० मध्ये, माणसं आधीच रस्त्यावर असताना, ज्याच्या खाली आखातात माणूस पाठवता येत नाही, ते किमान संदर्भ वेतन ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणलं. नोकऱ्या वाचाव्यात, स्वस्त देशांनी त्या पळवू नयेत, असं कारण दिलं गेलं. विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि जुलै २०२१ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. पगारात भारत उतरला की नेपाळ उतरणार, नेपाळ उतरला की बांगलादेश. या उतरंडीच्या तळाशी कोण उभा असतो, ते सांगायला नको. कामगार पाठवणाऱ्या आशियाई देशांचं कोलंबो प्रोसेस नावाचं व्यासपीठ २००३ पासून आहे. आज त्यात १२ देश आहेत आणि २०२४ मध्ये भारत त्याचा अध्यक्ष झाला. बारा देश मिळून एक किमान वेतन ठरवा आणि त्याच्या खाली कुणीच माणूस पाठवू नका. या व्यासपीठाचा यापेक्षा मोठा उपयोग आम्हाला दिसत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये माराकेशला स्थलांतराचा जागतिक करारनामा मंजूर झाला. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत १५२ देशांनी बाजूने मत दिलं, पाच विरोधात गेले. भारत बाजूने होता. त्यात २३ उद्दिष्टं आहेत. भरतीत न्याय, कागदपत्रं, पैसे घरी पाठवण्याचा खर्च, परतणाऱ्याचा सन्मान, सगळं आहे. तो बंधनकारक मात्र नाही. बंधनकारक आहे तो १८ डिसेंबर १९९० चा स्थलांतरित कामगारांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा करार, आणि त्यात भारत नाही. आखाती देशही नाहीत. आपली सुमारे ९० लाख माणसं आखातात आहेत. त्यांच्यासाठी बोलायचं, तर आधी आपण त्या करारावर सही करायला हवी. दुसऱ्याला सही कर म्हणण्याचा अधिकार त्यातूनच मिळेल.

इथे आमच्यातल्या काहींना न आवडणारी गोष्टही सांगायची आहे. ती वगळून हा जाहीरनामा आम्ही काढणार नाही.

जून २०२५ मध्ये मिरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका माणसाला बांगलादेशी असल्याच्या संशयावरून ताब्यात घेतलं गेलं. घरच्यांनी आणि पश्चिम बंगालमधल्या यंत्रणेने कागद पाठवले. तरी त्याला सिलिगुडीला नेऊन सीमेपलीकडे ढकललं गेलं. काही दिवसांतच तो भारतीय असल्याचं मान्य करून त्याला परत आणावं लागलं. बेकायदा राहणाऱ्याला परत पाठवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. पण त्याची रीत ठरलेली आहे. आधी नागरिकत्व तपासायचं, मग त्याच्या देशाला कळवायचं, त्या देशाने स्वीकारायचं आणि मगच सोपवायचं. ही रीत मोडली की आपलाच माणूस परका ठरतो.

अटकेतल्या परदेशी माणसाला त्याच्या वकिलातीशी बोलता आलं पाहिजे, हे १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम सांगतं. पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधव यांच्यासाठी आपण याच कलमावर हेगच्या न्यायालयात उभे राहिलो आणि १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने ते पाकिस्तानने मोडल्याचं सांगितलं. महाराष्ट्रभर लोकांनी तो निकाल टीव्हीवर श्वास रोखून पाहिला. तेच कलम मिरा रोडच्या चौकीत बसवलेल्या नायजेरियन माणसाला लागू आहे. आणि तेच पालघर-डहाणूच्या खलाशांना, जे गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, पाण्यावर न दिसणारी रेषा ओलांडतात आणि कराचीच्या तुरुंगात पडतात. भारत-पाकिस्तानात २००८ चा करार आहे. दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते, आणि शिक्षा संपून नागरिकत्व पटलं की महिन्याभरात सुटका व्हायला हवी. याद्या वेळेवर जातात. माणसं शिक्षा संपूनही वर्षानुवर्षं आत राहतात.

महाराष्ट्र सरकारला आमचं वेगळं सांगणं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के निघाला, देशात पहिला. केरळचा १९.७. त्या केरळने १९९६ सालीच अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खातं काढलं, पुढे नोर्का रूट्स उभी केली, परत आलेल्यांसाठी कल्याण निधी उभा केला. परदेशाशी संबंध हा केंद्राचा विषय आहे, असं मंत्रालयात ऐकायला मिळतं. मग २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार कसा केला? दहा हजार तरुण पाठवण्याची घोषणा कशी झाली? माणसं पाठवताना राज्याला अधिकार असतो, तर ती अडचणीत आल्यावरही असायला हवा.

आमची पहिली मागणी पगाराची. अमिरातीत २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची सक्ती आहे, म्हणजे पगार थकल्याचं तिथल्या मंत्रालयाला संगणकावर दिसतं. ती माहिती ई-मायग्रेटला आपोआप मिळावी, असा करार करा. परतलेल्या कामगाराचा दावा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनातून दाखल व्हावा आणि सुनावणी तिथूनच व्हिडिओवर व्हावी. मुखत्यारपत्र आणि भाषांतराचा खर्च सरकारने उचलावा. दुबईची बँक ठाण्यात येऊ शकते, तर ठाण्याच्या माणसाचा दावाही दुबईला जाऊ शकतो.

संरक्षण दहावीच्या दाखल्यावर अवलंबून असू नये. १९८३ चा कायदा बदलण्यासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने नव्या कायद्याचा मसुदा हरकतींसाठी मांडला. तो कोणत्याही रूपात येवो, शिकलेला-न शिकलेला हा भेद त्यातून गेला पाहिजे आणि व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे. कामगारांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या प्रतिनिधींना त्या कायद्याखालच्या प्रत्येक मंडळावर जागा हवी. भरतीचा खर्च मालकाने द्यायचा, हा समुद्रावरचा नियम जमिनीवरही आणा. आखाती देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार करा; युरोपातल्या अनेक देशांशी ते झाले आहेत. वीस वर्षं कुवेतमध्ये राबून आलेल्या माणसाला म्हातारपणी काय मिळतं, ते नया नगरच्या कुठल्याही जिन्यावर विचारा.

आम्ही स्वतः काय करणार, तेही सांगतो. मिरा रोड आणि भाईंदरला आठवड्यातून एक संध्याकाळ, आणि उत्तनला महिन्यातून एकदा, आम्ही करार वाचायला बसू. जाणाऱ्याने आपलं ऑफर लेटर, व्हिसा आणि एजंटची पावती घेऊन यावं. एजंटची नोंदणी ई-मायग्रेटवर त्याच्यासमोर तपासू, बोटीवर जाणारा असेल तर एजन्सीचा परवाना महासंचालनालयाच्या यादीत बघू. करारात काय लिहिलं आहे, ते मराठी, हिंदी, उर्दू, ज्याला जी कळते त्या भाषेत समजावू.

फसवणूक झालीच तर केवळ ठकवणुकीची तक्रार करून थांबणार नाही. १९८३ च्या कायद्याखाली खटल्याला केंद्राची परवानगी लागते, पण तक्रार खुद्द जाणाऱ्याने किंवा त्याच्या आईवडिलांनी, नवराबायकोने, मुलांनी, भावाबहिणीने केली तर ती लागत नाही. हे कलम किती घरांना माहीत आहे? ज्या घरावर वेळ येईल, त्या घरासोबत आम्ही पोलीस ठाण्यात जाऊ आणि या कायद्याचं नाव तक्रारीत लिहून घेऊ. मुंबईत आणि राज्यभर ज्या एजंटांवर तक्रारी आहेत त्यांची यादी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयांत मराठीत लावावी, म्हणून पाठपुरावा करू. परदेशात कुणी वारलं आणि मृतदेह आणायचा झाला, तर २०२३ पासून ई-केअर पोर्टल आहे. तिथला अर्ज भरायला रात्री-अपरात्री माणूस हजर असेल, ही जबाबदारी आम्ही घेतो.

आम्ही कुणाला परदेशी पाठवणार नाही. कुठल्याही एजंटची शिफारस करणार नाही. मदतीबद्दल एक रुपया घेणार नाही. कार्यकर्त्याने घेतल्याचं कळलं तर त्याचं नाव जाहीर करून त्याला काढू. निवडणुकीतल्या उमेदवारांनी आमच्या बैठकीत यावं, ऐकावं आणि वरच्या मागण्यांवर लेखी उत्तर द्यावं. व्यासपीठ मात्र मिळणार नाही.

सभासद कुणीही होऊ शकतं: गेलेला, जाणारा, परत आलेला, त्याच्या घरचं माणूस, आणि या शहरात दुसऱ्या देशातून येऊन कामाला लागलेलाही. सभासदत्वाचा अर्ज एका पानाचा आहे. त्यात जात, धर्म, मातृभाषा विचारलेली नाही. विचारलं आहे ते एवढंच: कुठे गेला होतात किंवा जाणार आहात, कुणाच्या मार्फत, किती पैसे दिले, आणि करार तुमच्या हातात कधी मिळाला.